नाशिकच्या दिवाणी वकील मंडळींना: एक निकाली फाइल आमच्यासमोर उघडा

आदरणीय ज्येष्ठ वकील मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. घरात, भावकीत कोणी वकील नाही. तुमच्यापैकी बहुतेकांशी माझी ओळखही नाही, तरी एक मागणं घेऊन हे पत्र लिहिते आहे.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी वर्गात दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर २२ चालू होती. पक्षकार मयत झाला तर दाव्याचं काय होतं, हा विषय. सरांनी फळ्यावर लिहिलं: ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे; नाही आणले तर दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे गळून पडतो; ते रद्द करून घ्यायला पुढचे ६० दिवस; त्याच्याही पुढे गेलं तर उशीर माफीचा अर्ज. आम्ही वहीत उतरवून घेतलं. हमखास येणारा प्रश्न म्हणून मी त्याखाली रेघ मारली, आणि रेघ मारता मारता मला आण्णांची पिशवी आठवली.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. कुठल्याशा लग्नात मिळालेल्या कापडी पिशवीत त्यांनी दाव्याचे कागद ठेवले होते. पिशवी देवघराच्या वर, खुंटीला. आमच्या शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता शेजारच्या गटातून जातो. तो अडवला गेला म्हणून आण्णांनी दावा लावला. वादी ते एकटेच. निशाणी ५ वर, म्हणजे मनाईच्या अर्जावर, तूर्तातूर्त मनाई मिळाली, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर आलं, मुद्दे निघाले, आण्णांचं सरतपासणीचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्रही दाखल झालं. उलटतपासणी तेवढी राहिली होती. आणि ऐन ऑक्टोबर छाटणीत आण्णा गेले.

तेरावं झालं आणि वडील बागेत गेले. छाटणी झाल्यावर बाग माणसाची वाट बघत नाही. डोळे फुटतात, डिपिंग येतं, थंडी आली की भुरी येते. नव्वदावा दिवस उजाडला तेव्हा मण्यांत पाणी उतरत होतं. दीडशेवा दिवस गेला तेव्हा शेवटचा प्लॉट खाली होऊन क्रेट धुवून ठेवले होते. या दीडशे दिवसांत आमच्या घरात दाव्याचा विषय निघाला नाही असं नाही. आजी विचारायची. वडील म्हणायचे, कोर्टात आहे, चालू आहे. दावा कोर्टात आहे म्हणजे जागेवर आहे, बँकेतल्या ठेवीसारखा, अशी त्यांची समजूत. वकिलांना निरोप गेलाच नाही, की गेला आणि राहून गेला, ते आता कोणालाच नक्की सांगता येत नाही. त्यांच्याकडे बोट दाखवायला मी हे लिहीत नाही.

त्या पिशवीत रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदींच्या, नकला आहेत. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी त्या पहिल्यांदा वाचल्या. सुरुवातीच्या सगळ्या तारखांना ‘वादी व वकील हजर’. मग एका तारखेला ‘वादी गैरहजर’. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. नंतर एक ओळ: प्रतिवादीतर्फे पुरसीस (कोर्टाला माहिती देणारा लेखी कागद) दाखल, वादी मयत. आणि काही तारखांनंतर दावा अबेट झाल्याची नोंद. मनाई हुकूम दाव्याबरोबर गेला. रस्त्यावर पुन्हा काट्या पडल्या, आणि त्या वर्षी माल डोक्यावरून क्रेट वाहून डांबरीपर्यंत आणावा लागला. मुदत कायद्याच्या कलम ५ खालचा उशीर माफीचा अर्ज मंजूर होऊन दावा पुन्हा उभा राहायला आणखी दोन वर्षं गेली.

वडील या सगळ्याला नशीब म्हणत आले. वर्ग सुटल्यावर मी त्यांना फोन करून नियम वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तेव्हा नुसता एक अर्ज द्यायचा होता?”

मंडळी, हा प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. मला ऑर्डर २२ ‘येत’ होती. नियम ३, नियम ४, नियम ९, सगळं पाठ. नियम १०अ सुद्धा: आपला पक्षकार मयत झाल्याचं कळलं की वकिलाने ते कोर्टाला कळवायचं. पण माझ्याच घरातला दावा त्या नियमाने बुडाला हे मला तोवर दिसलं नव्हतं, कारण ही संहिता आम्ही दाव्यातून शिकतच नाही. कलम १ पासून १५८ पर्यंत कलमं, मग एकामागून एक ५१ ऑर्डरी, अशी शिकतो. १९०८ चा कायदा, १ जानेवारी १९०९ पासून अंमलात, त्याआधी १८५९, १८७७ आणि १८८२ च्या संहिता; इतकं सगळं सांगता येतं. दावा दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाच्या टेबलावर काय काम असतं, ते मात्र सांगता येत नाही.

फौजदारी शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणींची वेगळी धावपळ चालू आहे. १ जुलै २०२४ पासून तिकडे तिन्ही कायदे बदलले, कलमांचे आकडे नव्याने घोकावे लागतात. आमची संहिता जागेवर आहे. मग तरी ती आम्हाला नीट यायला हवी.

तुम्ही म्हणाल, कोर्टात येऊन बसा. बरोबर आहे, आणि तो आमचा हक्कही आहे. कलम १५३ब प्रमाणे दिवाणी न्यायालय हे खुलं न्यायालय. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तर एक दिवाणी आणि एक फौजदारी, असे दोन खटले पाहून त्यांची नोंद ठेवायला ३० गुण दिले आहेत. आम्ही येतो. सीबीएसला बसमधून उतरतो, जुना आग्रा रोड ओलांडून आत येतो, बोर्ड बघतो, मागच्या बाकावर बसतो. पुकारा होतो. एक वकील उठून म्हणतात, “से द्यायला मुदत हवी.” समोरचे हरकत घेतात किंवा घेत नाहीत. तारीख पडते. पुढचा पुकारा. मिनिटभरात काय झालं, हे आम्हाला कळत नाही. कशावर म्हणणं द्यायचं होतं, ते आज का नाही, ऑर्डर १७ प्रमाणे ही कितवी तहकुबी, आणि जी तारीख पडली त्या दिवशी नेमकं काय होणार, यातलं काही मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. सरतपासणी तर २००२ च्या दुरुस्तीपासून शपथपत्रावरच येते, म्हणजे ऐकायला फक्त उलट. कागद समोर नसताना उलटतपासणी ऐकणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकणं. दावा उभा राहायला आठ-दहा वर्षं जातात आणि आम्ही त्याच्या एका सकाळचे पाहुणे. मग वहीत काय लिहायचं? सीनियर मुलांची वही आणून उतरवली जाते. मीही उतरवली आहे. ३० पैकी गुण चांगले पडले, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

भाषेचंही सांगते. वर्गात आम्ही इंग्रजी आणि लॅटिन शिकतो. रेस सब ज्युडिस, रेस ज्युडिकाटा. कोर्टात पाऊल टाकलं की पुरसीस, दरखास्त, रोजनामा, निशाणी, नाझर, बेलीफ, वकीलपत्र. पुरसीस हा शब्द आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात मला सापडला नाही, आणि आमचा दावा बुडाला तो त्याच शब्दाच्या पाठोपाठ. कलम १३७ खाली आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजीही चालतं, हे मला माहीत आहे, पण निफाड, येवला, कळवण, सटाण्याच्या कोर्टात उभा राहणारा पक्षकार मराठीतच विचारणार आहे, ताई, आज काय झालं? त्याला प्राङ्न्याय म्हणजे काय, हे बांधावरच्या भाषेत सांगता आलं पाहिजे: एकदा त्याच दोघांत, त्याच गोष्टीवर निकाल लागला की पुन्हा तेच घेऊन यायचं नाही. हे भाषांतर आम्हाला कोणी शिकवत नाही. तुम्ही ते रोज पन्नास वेळा करता.

समन्सचंच घ्या. ऑर्डर ५ आम्हाला कंटाळवाणी वाटते. समन्स हातात द्यायचं, घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं, कोणी घेतलं नाही तर दाराला चिकटवायचं, तेही जमलं नाही तर नियम २० खाली जाहीर समन्स. गुण कमी, म्हणून मुलं सोडून देतात. पण १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले दस्त ओढून काढून जाळले, सुप्यापासून ती आग पसरली, त्यामागचं एक मोठं कारण एकतर्फी हुकूमनामे, म्हणजे प्रतिवादी हजर नसताना झालेले निकाल, हे होतं. शेतकऱ्याला दाव्याचा पत्ता नसायचा आणि जप्ती दारात यायची. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा साहाय्य कायदा त्यातून आला. त्यात न्यायाधीशाने प्रतिवादीला समोर बोलावून त्याचं म्हणणं ऐकण्यावर आणि कर्जाचा मुळापासून हिशेब पाहण्यावर भर होता. त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलेले महादेव गोविंद रानडे आपल्या निफाडचे, १८४२ चा जन्म. नाशिकच्या मुलांना ऑर्डर ५ आणि ऑर्डर ९ याच गोष्टीने शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. दारावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो आणि बेलीफाचा अहवाल समोर ठेवून वाचला, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा नियम १३ कोणी विसरणार नाही.

काही गोष्टी अशा आहेत की त्या फक्त तुमच्याकडेच आहेत. कलम ९अ पाहा. अंतरिम अर्जाच्या वेळी अधिकारक्षेत्राची हरकत आली की आधी तोच मुद्दा चालवायचा, ही महाराष्ट्राने १९७७ च्या दुरुस्तीने घातलेली तरतूद. २०१८ मध्ये ती वगळली. आम्ही जी गाइडं वाचतो त्यांत ती कधी नव्हतीच, त्यामुळे ती गेली हेही त्यांत नाही. त्या चाळीस वर्षांत किती दावे या पहिल्याच पायरीवर अडकून बसले, हे तुमच्या कपाटांतल्या फाइलींना माहीत आहे. किंवा कलम ५४. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला तरी प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही. कागद कलेक्टरकडे जातात, तिथून तहसील, तिथून मोजणी, पोटहिस्से, फेरफार. पुस्तकात ते एक वाक्य आहे. आमच्या तालुक्यात त्या एका वाक्यात भावाभावांचं अर्धं आयुष्य जातं. त्या टप्प्यावर वकील नेमकं काय करतो, कोणत्या टेबलावर कोणता अर्ज देतो, हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं की या देशात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं, दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. ही दोन्ही वाक्यं आम्ही उत्तरपत्रिकेत लिहितो. पण दरखास्त का अडते, हे मला एका निवृत्त बेलीफाकाकांनी गावच्या पारावर दोन मिनिटांत सांगितलं. वॉरंट घेऊन ते ताबा द्यायला गेले होते. हुकूमनाम्यात चतुःसीमा लिहिलेल्या, पूर्वेला ओढा. जागेवर ओढा पश्चिमेला. वादपत्र लिहिताना कोणीतरी दिशा उलटी टाकली, कैफियतीत कोणी हरकत घेतली नाही, निकालात तीच उतरली. काका परत आले. ऑर्डर ७ नियम ३ मध्ये लिहिलंय की स्थावर मिळकतीचं वर्णन ती ओळखता येईल असं हवं. मी तो नियम त्याआधी तीनदा वाचला होता, आणि तिन्ही वेळा पुढे गेले होते. आता वादपत्राचा सराव करताना मी आधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवते, दिशा बोटाने तपासते आणि मगच पहिलं वाक्य लिहिते.

म्हणून माझं मागणं असं.

तुमच्या चेंबरमध्ये निकाल लागलेल्या, अपिलाची मुदतही संपलेल्या फाइली बांधून ठेवलेल्या असतात. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन तास, त्यातली एक फाइल आम्हा मुलांसमोर उघडा. भाषण नको, सत्कार नको, बॅनर नको. आधी रोजनामा वाचायचा. एकेका तारखेवर थांबायचं आणि आम्हाला विचारायचं, आता काय कराल? आम्ही चुकू. मग तुम्ही सांगायचं, आम्ही त्या दिवशी हे केलं, या नियमाखाली. मग आम्ही पुस्तक उघडू. निशाणी ५ च्या अर्जात ‘प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान’ हे तीन शब्दप्रयोग तर सगळेच लिहितात. त्यांच्या खाली तुम्ही कोणता कागद जोडलात, फोटो कोणत्या बाजूने काढायला लावलात, कोर्ट कमिशनर मागितला की मुद्दाम नाही मागितला, ते आम्हाला ऐकायचं आहे. आणि जमलं तर हरलेली फाइल आणा. हरलेल्या फाइलीत नियम जास्त ठळक दिसतात, हे मी आमच्या पिशवीवरून सांगते.

एक हरकत तुम्ही घ्याल, आणि ती रास्त आहे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आम्हीही शिकलोय. म्हणून पक्षकाराशी झालेला पत्रव्यवहार, तुमच्या स्वतःच्या टिपा, हे बाजूला काढून ठेवा. वादपत्र, कैफियत, मुद्दे, जबाब, निकाल, रोजनामा, एवढं पुरे. हे कोर्टाच्या दप्तरातलेच कागद आहेत. नावांवर पट्टी लावा, गट नंबर झाका, आणि पक्षकाराला विचारून घ्या. विचारल्यावर बरीच माणसं हो म्हणतील असं मला वाटतं. माझे वडील लगेच हो म्हणाले.

दुसरी हरकत वेळेची. तुमचा शनिवार कसा जातो, मला माहीत आहे. तालुक्याहून आलेले पक्षकार, सोमवारच्या तयारीचे ड्राफ्ट. बदल्यात आम्ही काय देऊ शकतो? हात देऊ शकतो. इंटर्नशिपचे आठवडे आम्हाला पूर्ण करायचेच असतात. तीन वर्षांच्या कोर्सला किमान बारा, पाच वर्षांच्या कोर्सला किमान वीस. सध्या त्यात झेरॉक्स काढणं आणि प्रमाणपत्रावर सही घेणं यापलीकडे फार काही होत नाही. ते आठवडे फाइल वाचण्यात घाला. आम्ही तुमच्या जुन्या फाइलींची तारीखवार सूची करून देऊ, पानांना नंबर टाकू, चालू दाव्यांत कोण पक्षकार वयस्कर आहेत त्यांची यादी ठेवू आणि दर महिन्याला त्यांच्या घरी एक फोन करू. आण्णा गेले त्या ऑक्टोबरात असा एक फोन आमच्या घरी आला असता, तर बास होतं.

आम्ही सध्या सहा जण आहोत. चार मुली, दोन मुलगे. एक जण सुरगाण्याहून येतो, पहाटेची पहिली एसटी धरून; त्यालाही शनिवार चालेल म्हणाला. जागेची अडचण असेल तर झाडाखाली बसू, पावसाळ्यात कँटीनच्या कोपऱ्यात. तुमच्यातल्या एकानेही हो म्हटलं तरी आम्ही सुरुवात करू.

पहिली फाइल मीच आणते. वडिलांनी गेल्या आठवड्यात देवघरावरची पिशवी काढून, झटकून, माझ्याकडे दिली. आमचा दावा आता निकाली निघाला आहे, रस्ता मोकळा आहे, अपिलाची मुदतही संपली. वादपत्र आहे, कच्चा नकाशा आहे, ती पुरसीस आहे, उशीर माफीचा अर्ज आहे. एक कागद मात्र मला अजून कळलेला नाही: रोजनाम्यात दोन तारखांच्या मध्ये कोणाच्या तरी अक्षरात पेन्सिलने काही लिहिलंय, ते लागत नाही. तुम्हाला बहुतेक बघताक्षणी लागेल.

आपली नम्र,
कायद्याची एक विद्यार्थिनी, नाशिक